कोग्गला ते पर्थ, सूर्य दोनदा उगवेपर्यंत

साल 1944. सिलोनच्या दक्षिण टोकाला, गॉलच्या थोडं पुढे, कोग्गलाच्या सरोवरावर अजून अंधार आहे. बोटीतून तुम्ही पाण्यावर तरंगणाऱ्या कॅटालिना विमानापाशी पोचता. पर्थ इथून साधारण 5,650 किलोमीटर दूर आहे आणि वाटेत उतरण्यासारखं काही नाही. किती तास लागतील, असं तुम्ही विचारता. वारा चांगला असला तर सत्तावीस, नाहीतर बत्तीस. याहून नेमकं कुणीच सांगू शकत नाही.

फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग तुटला. तो सांधण्यासाठी 1943 पासून क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचे वैमानिक हिंद महासागर असा एका दमात ओलांडत आहेत. त्यासाठी सुमारे 9,000 लिटर इंधन भरावं लागतं. मग माणसांसाठी उरतंच किती? फार तर तीन प्रवासी आणि टपालाच्या थोड्या थैल्या.

विमान पाण्यावर धावत सुटतं; कितीतरी वेळ उठतच नाही. उठल्यावरही बेतानंच वर चढतं. इतक्या भारात एखादं इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याच्या जोरावर तरंगत राहणं अशक्य. पहिले काही तास तुम्ही जीव मुठीत धरून त्या दोन इंजिनांचा आवाज ऐकत बसता. इंधन जळतं तसं विमान हलकं होतं. एरवी सरत आलेल्या इंधनाची माणसाला धास्ती वाटते. इथे ते सरतंय याचाच काही काळ दिलासा वाटतो.

पहिला सूर्योदय होतो. मग नुसता समुद्र. वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास. वजन वाचवायला अस्तरसुद्धा काढून टाकलंय, त्यामुळे गारठा थेट अंगाला भिडतो आणि बोलायचं तर ओरडूनच. जपानी विमानांच्या टप्प्यातून जायचं असतं, जवळ शस्त्र नाही, म्हणून रेडिओही मुका ठेवलेला. तुम्ही कुठे आहात हे जमिनीवरच्या कुणालाच ठाऊक नाही.

रात्री नॅव्हिगेटर सेक्स्टंट घेऊन ताऱ्यांची उंची मोजतो, आकडेमोड करतो, नकाशावर एक बिंदू टाकतो. काही वेळानं पुन्हा तेच. ताफ्यातल्या पाचही विमानांना ताऱ्यांचीच नावं आहेत: अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस, स्पायका. मला या साऱ्या प्रवासात सर्वांत थोर वाटतो तो हा माणूस. त्याचा हिशेब थोडासा हुकला तरी समोर किनारा यायच्या आधी टाक्या कोरड्या पडतील.

पूर्वेला पुन्हा तांबडं फुटतं. तुम्ही अजून हवेतच आहात. आणखी काही तासांनी पर्थच्या स्वान नदीचं रुंद पात्र दिसतं आणि विमान पाण्यावर टेकतं. चोवीस तासांहून अधिक काळ उडाल्याबद्दल तुम्हाला एक प्रमाणपत्र मिळतं: ‘द सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’.

1945 पर्यंत अशा 271 फेऱ्या झाल्या. सर्वांत लांबलेली 32 तास 9 मिनिटांची. एकही विमान गमावलं नाही. आज पर्थहून थेट लंडनला, सुमारे 14,500 किलोमीटर, साधारण सतरा तासांत पोचता येतं. ही सेवा 2018 मध्ये सुरू झाली. ती पाच विमानं मात्र बघायलाही मिळणार नाहीत. युद्ध संपल्यावर, ज्या करारानं ती मिळाली होती त्याच्या अटींमुळे ती ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडवून टाकली.