अपुऱ्या टाक्यांचा इतिहास

माझी मावशी गेली त्याला आतां तीन वर्षें झालीं. तिच्या मागें जें कांहीं राहिलें त्यांत एक पत्र्याची ट्रंक होती. तेराव्याचा दिवस पार पडल्यावर घरांतल्या बायकांनीं ती उघडली, तेव्हां तींत दागिने नव्हते कीं कागदपत्र नव्हते. होतीं तीं निरनिराळ्या अवस्थेंतलीं सात हातकामें. एक गोधडी तीन बाजूंनीं शिवलेली व मध्यें मोकळी. दुसरीचे नुसते तुकडे, रंगवार बांधून ठेवलेले. एक दुपटें, ज्या बाळासाठीं तें घेतलें होतें तो मुलगा आज कॉलेजांत जातो. कॅनव्हासवर फुलीच्या टाक्यानें भरलेला मोर, परंतु त्यास पिसारा नाहीं. टेबलावरचा एक रुमाल, ज्याचे तीनच कोपरे भरले आहेत. मॅटीच्या कापडावर वेलबुट्टीची एक अर्धी ओळ. आणि एक अभ्रा, ज्यांत सुई तशीच टोंचलेली राहून गंजली होती. मामी एवढेंच म्हणाली, "जन्मभर शिवत बसली, पण एक काम धड हातावेगळें केलें नाहीं."

मामीच्या बोलण्यांत दुष्टावा नव्हता. तरी तें वाक्य मला लागलें. एका वेळीं पांचसात कामें हातांत धरणें हा चंचल स्वभावाचा दोष आहे, कीं घरगुती सुईकामाची ती रीतच आहे, हा प्रश्न मनांतून जाईना. म्हणून या कामाचा मागील इतिहास जेवढा जमला तेवढा चाळून पाहिला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम या दोन कामांचा स्वभाव पाहिला पाहिजे, कारण तो अगदीं भिन्न आहे. गोधडी, जिला आपल्या दक्षिणेकडे वाकळ म्हणतात, ती जुन्या कापडाची होते. धुवून धुवून मऊ झालेलीं लुगडीं व धोतरें एकावर एक अंथरावयाचीं, वर रंगीत तुकडे मांडावयाचे, आणि कडेपासून आंत आंत येत धावदोरा घालावयाचा. तिला भुई लागते, उजेड लागतो, आणि मांडी घालून बसलेल्या दोघी तिघी असल्या तर काम लवकर उरकतें. शेतीचीं कामें उरकल्यावर, पापड-कुरडयांच्या दिवसांत, पावसाळ्यापूर्वी तिचा हंगाम येतो. मुख्य म्हणजे ती कापडाच्या अधीन असते. घरांतलें लुगडें जोंवर जुनें होत नाहीं तोंवर गोधडी पुढें सरकत नाहीं. तेथें घाई करून भागत नाहीं.

फुलीच्या टाक्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्यास नवें कापड व मोजदाद हवी. उभे आडवे धागे मोजून प्रत्येक घरांत एक तिरपा टाका व त्यावर दुसरा तिरपा टाका घालावयाचा. एक घर चुकलें तर पुढची सारी आकृति वांकडी. हें काम मांडीवर मावतें, परंतु त्यास चित्त लागतें. गोधडी शिवतां शिवतां गप्पा चालतात, मूल झोपवितां येतें. फुल्या मोजतांना कोणी हांक मारली कीं मोजणी गेली. त्यांतच रेशमाची एखादी लडी संपली आणि दुकानांत तोच रंग मिळाला नाहीं, तर काम महिनोन्महिने पडून राहतें. ज्या घरांत बाईचा वेळ तिच्या हातीं नसतो, त्या घरांत एकाच जातीचें काम घेऊन बसणें म्हणजे अर्धा वेळ हात बांधून बसणें होय. बोलत करावयाचें एक, मुकाट्यानें करावयाचें एक, उन्हाळ्याचें एक, दुपारच्या उजेडाचें एक, अशीं कामें निरनिराळीं असलीं तरच तुटक तुटक मिळणारा वेळ कारणीं लागतो.

इतिहासांत या रीतीचें एक मोठें उदाहरण राजघराण्यांतलें आहे. स्कॉटलंडची राणी मेरी इ. स. १५६८ त इंग्लंडांत आश्रयास आली आणि १५८७ त शिरच्छेद होईपर्यंत एलिझाबेथ राणीच्या बंदींत राहिली. त्यांतलीं बरींचशीं वर्षें, १५६९ पासून १५८४ पर्यंत, ती श्रूजबरीच्या अर्लच्या ताब्यांत होती. अर्लची पत्नी बेस व मेरी या दोघींनीं त्या काळांत कॅनव्हासवर रेशमानें असंख्य लहान लहान तुकडे भरले. त्यांवर पशु, पक्षी, मासे, वनस्पति आहेत; पुष्कळशा आकृति झुरिकच्या गेस्नर नांवाच्या सृष्टिशास्त्रज्ञाच्या ग्रंथांतील ठशांवरून घेतल्या आहेत. १५६९ त तिला भेटून गेलेल्या एका अधिकाऱ्यानें सेसिल प्रधानास लिहिलेल्या पत्रांत नमूद केलें आहे कीं, बाहेर पडण्याजोगी हवा नसेल तेव्हां ती दिवसभर सुईकाम करी, रंगांच्या विविधतेमुळें तिला कंटाळा कमी येई, आणि दुखूं लागेपर्यंत तिचा हात थांबत नसे.

हे तुकडे अष्टकोनी किंवा फुलीच्या आकाराचे, प्रत्येक सुटा. कैदेंत एका जागेहून दुसऱ्या जागीं केव्हां हलवितील याचा नेम नसलेल्या बाईनें मोठा पडदा हातीं न घेतां असे सुटे तुकडे घ्यावे यांत नवल नाहीं. त्यांतल्या एका कामानें राजकारणहि केलें. नॉरफोकच्या ड्यूकला तिनें जी उशी पाठविली, तिच्यावर निष्फळ फांदी छाटणारा हात व जखमेनें सत्त्व फोंफावतें अशा अर्थाचें लॅटिन बोधवाक्य भरलें होतें. ड्यूकवरील आरोपांच्या चौकशींत त्या उशीचा उल्लेख निघाला. १५७२ त त्याचा वध झाला. बाकीचे पुष्कळ तुकडे पुढें दुसऱ्याच कोणीं हिरव्या मखमलीवर बसविले, आणि आज ते नॉरफोक परगण्यांतील ऑक्सबर्ग हॉलमध्यें भिंतीवर शोभतात. म्हणजे जें काम आपण आज पूर्ण म्हणून पाहतों, तें मेरीनें पूर्ण केलेलें नव्हे. तिच्या मागेंहि एक ट्रंकच राहिली होती असें म्हणावें लागेल.

विलंबाचेंहि एक उदाहरण देण्यासारखें आहे. ब्रिटनमधील सालाचा उल्लेख असलेला सर्वांत जुना नमुनेपट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. जेन बोस्टॉक नांवाच्या स्त्रीनें तो केला आणि त्यावर १५९८ हें साल भरलें. त्याच पटावर अ‍ॅलिस ली या बालिकेच्या जन्माची नोंद आहे. ती नोंद १५९६ सालची. जन्म आणि भेट यांत दोन वर्षांचें अंतर पडलें. चारशें वर्षांनंतर तो उशीर कोणी बोलून दाखवीत नाहीं.

आतां ठिगळकामाकडे वळूं. येथें आपल्या देशाचा संबंध येतो. कोरोमंडल किनाऱ्यावरील रंगीत छिटांनीं सतराव्या शतकांत युरोपास वेड लावलें. तेथील लोकर व रेशीम विणणारांनीं ओरड केल्यामुळें फ्रान्सनें १६८६ त आणि इंग्लंडनें १७०० त या कापडावर बंदी घातली. १७२१ च्या कायद्यानें तर छापील सुती कापड वापरण्यासहि मनाई झाली. अशा काळांत छिटाचा तुकडाहि जपून ठेवण्याची वस्तु झाला असल्यास आश्चर्य नाहीं. इंग्लंडांतील लेव्हन्स हॉल येथें जी ठिगळकामाची रजई आहे, आणि जी १७०८ च्या सुमाराची समजतात, ती हिंदी छिटांचीच आहे. मच्छलीपट्टणकडच्या रंगाऱ्यांच्या कापडाचे कपटे तिकडे पलंगावर मांडले जात होते, त्याच वेळीं इकडे आपल्या घरांतलीं लुगडीं गोधडीच्या पोटांत जात होतीं.

इंग्रजी ठिगळकामाची एक पद्धति विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कापडाचे तुकडे नेमक्या आकाराचे व्हावे म्हणून आंत कागद घालून त्यावर कापड दुमडून टांचतात; कडा जोडून झाल्यावर कागद काढून टाकतात. हा कागद घरांतलाच असे: जुनीं पत्रें, हिशेबाचीं पानें, वर्तमानपत्रें. रजई पुरी झाली कीं तो जाई. अपुरी राहिली तर तो आंतच राही. त्यामुळें पुऱ्या झालेल्या रजईपेक्षां अपुरी रजई संशोधकास अधिक बोलकी होते. आंतील पत्रावरची तारीख पाहून, त्या दिवसाच्या आधीं तो तुकडा टांचला गेला नसावा, एवढें तरी निश्चयानें सांगतां येतें. काम पुरें करणाऱ्या बाईनें आपल्या काळाचा पुरावा स्वतःच्या हातानें काढून टाकला. जिचें राहून गेलें तिनें तो जपला.

जेन ऑस्टिन या सुप्रसिद्ध कादंबरीकर्त्रीचेंहि असेंच एक काम आहे. तिनें, तिच्या आईनें व बहीण कॅसँड्रा हिनें मिळून चौकटीच्या तुकड्यांची एक चादर केली. ती चॉटन गांवीं तिच्या घरीं अजून पाहावयास मिळते. १८११ च्या मे महिन्यांत जेननें बहिणीस लिहिलेल्या पत्रांत तुकडे गोळा करण्याची आठवण दिली आहे, कारण त्यांच्यावांचून काम अडून बसलें होतें. हें साल मोठें अर्थपूर्ण आहे. त्याच वर्षीं तिची पहिली कादंबरी छापखान्यांत होती आणि 'मॅन्सफील्ड पार्क'चें लेखन चालू झालें होतें. म्हणजे एकाच बाईच्या हातांत एक पुस्तक छपाईचें, एक लेखनाचें, आणि एक चादर तुकड्यांची वाट पाहणारी. ग्रंथकाराच्या टेबलावर दोन हस्तलिखितें असलीं तर त्यास आपण उद्योगी म्हणतों. बाईच्या परडींत दोन शिवणकामें असलीं तर मात्र तिला धरसोड करणारी म्हणतों. हा न्याय एकाच मापाचा नव्हे.

महाराष्ट्रांत या दोन्ही धारा एकत्र येण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. गोधडी आपली पूर्वापारची. धागे मोजून भरण्याची विद्याहि दक्षिणेस अपरिचित नव्हती. धारवाडकडील कशिद्यांत गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत. त्यांतील मेंथी म्हणजे फुलीचाच टाका, मेथीच्या दाण्यावरून नांव पडलेला. छाप न उठवितां केवळ धागे मोजून इरकली लुगड्यावर तो घालीत. परंतु चौकटींचा कागद पुढें ठेवून कॅनव्हासवर लोकरीनें चित्र भरण्याची तऱ्हा बाहेरून आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें असे रंगीत नकाशे छापूं लागले आणि तेथून ते जगभर गेले. १८८६ त थेरेझ द दिल्मोंत हिनें सुईकामाचा फ्रेंच कोश प्रसिद्ध केला व घरोघरच्या बायकांना छापील गुरु मिळाला. आपल्याकडे मिशनच्या मुलींच्या शाळांतून वाचनलेखनाबरोबर शिवण शिकवीत. १९०९ त पुण्यास सेवासदनाची स्थापना झाली, तेथें रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखालीं शिवणाचे वर्ग चालले. त्यांतून कित्येक बायकांस पोटापुरतें मिळूं लागलें, आणि कित्येक मध्यम स्थितींतल्या घरांत कांचेच्या चौकटींतले पोपट, हरणें व 'सुस्वागतम्' भिंतीवर चढलें. त्या भिंतीखालीं भुईवर गोधडीहि चालूच होती. माझी मावशी याच परंपरेंतली. मोर शाळेंतून आला होता आणि गोधडी आजीकडून.

हें सर्व पाहिल्यावर मामीच्या वाक्यांत चूक कोठें झाली तें मला उमगलें. पुरें झालेलें सुईकाम करणाऱ्या बाईच्या घरीं राहत नाहीं. दुपटें बाळाबरोबर जातें, गोधडी लेकीबरोबर सासरीं जाते, रुमाल पाहुण्याच्या हातीं पडतो. मीं मग नातेवाइकांकडे चौकशी केली. मावशीनें शिवलेल्या अकरा गोधड्या पांच गांवांत निघाल्या. एक तर मामीच्याच अंथरुणांत होती, आणि ती कोणाची हें तिला आठवतहि नव्हतें. ट्रंकेंत सात कामें अपुरीं होतीं, कारण तेथें अपुऱ्यांनाच जागा होती. संग्रहालयाचें याच्या नेमकें उलट आहे: तेथें बहुधा पुऱ्यांनाच प्रवेश मिळतो. एका ठिकाणीं पाहिलें तर बायका कांहींच पुरें करीत नाहींत असें वाटतें. दुसऱ्या ठिकाणीं पाहिलें तर त्यांचें कांहींच राहून गेलें नाहीं असें वाटतें. इतिहास लिहिणारानें दोन्ही पेट्या उघडल्याखेरीज निकाल देऊं नये.

याचा अर्थ प्रत्येक अपुरें काम शहाणपणाचेंच असतें असा नव्हे. कांहीं कामें हौसेनें घेतलेलीं व हौस विरल्यावर टाकलेलीं असतात. कांहीं डोळे गेल्यामुळें राहतात. मावशीच्या मोराचा पिसारा मोतीबिंदूनें नेला, हें त्या पिसाऱ्याच्या शेवटच्या वांकड्या ओळीवरून स्पष्ट दिसतें. तेथें तिनें चार वेळां उसवून चार वेळां घातलेला टाका आहे. त्याला धरसोड म्हणण्यास माझी जीभ वळत नाहीं.

गेल्या वैशाखांत मामीनें आपण होऊन ती तीन बाजूंची गोधडी माजघरांत अंथरली. आंतलीं लुगडीं आजीचीं, म्हणजे तिच्या सासूचीं होतीं, हें तिनें काठांवरून ओळखलें. आम्ही दोघी चौदा दिवस बसलों. मामीचा धावदोरा मावशीच्या टाक्याहून लांब आहे. एक हात कोठें संपला आणि दुसरा कोठें सुरू झाला हें शोधल्यास सांपडतें, पण पांघरणारास त्याचें कांहीं नाहीं. गोधडी अनेक हातांचीच वस्तु आहे. मोर मात्र आम्हीं तसाच ठेवला. फुलीच्या कामांत वरचा तिरपा टाका सर्वत्र एकाच बाजूस झुकला पाहिजे असा नियम आहे. मावशीचा उजवीकडे झुकतो, माझा हात डावीकडे वळलेला आहे. पिसारा मीं पुरा केला असता तर तो उजेडांत निराळा चमकला असता. म्हणून मीं फक्त अभ्ऱ्यांतली गंजकी सुई काढली. तिचा डाग कापडावर राहिला आहे; तो धुवावयाचा नाहीं, असें मामीनेंच ठरविलें.