गाड्या वाढल्या, आळी तेवढीच

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने वर्गात विचारलेला प्रश्न आम्हांला बरेच दिवस पुरला. रत्नागिरीजवळच्या त्याच्या गावी मुंबईचे काका नवी गाडी घेऊन आले होते. आजोबांची जुनी फियाट ज्या फाटकातून रोज आत-बाहेर होत असे, त्या फाटकातून ही गाडी काही केल्या आत जाईना. शेवटी ती देवळापाशी, रस्त्याकडेला उभी करावी लागली. आजोबा म्हणाले, "फाटक तेच आहे, गाडी मोठी आहे." काका म्हणाले, "छे, ही छोटी गाडी आहे, कागदावर तसे लिहिले आहे." मुलाचा प्रश्न असा, की दोघांपैकी खरे कोण बोलत होते?

आम्ही त्याला उत्तर दिले नाही, टेप दिला. दुसऱ्या दिवशी तो फाटकाचे माप घेऊन आला. चिऱ्याच्या दोन खांबांमध्ये २.१० मीटर. मग आम्ही गाड्यांची छापील मापे शोधायला बसलो, आणि त्यातून मोटारीच्या इतिहासाचा एक भाग उलगडत गेला, तो इथे मांडत आहोत.

सुरुवात फियाटपासूनच करू. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० ही गाडी बनत होती. १९७४ मध्ये तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या परिचयाची. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तिची लांबी ३.९३ मीटर, रुंदी १.४६ मीटर आणि वजन ९०० किलोच्या आसपास होते.

आता आजची एक गाडी घेऊ. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी टाटा नेक्सॉन. लांबी ३.९९५ मीटर, रुंदी १.८०४ मीटर. लांबीत फरक जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा, पण रुंदीत ३४ सेंटिमीटरचा! म्हणजे काकाही खरे आणि आजोबाही खरे. कागद लांबी मोजत होता आणि फाटक रुंदी मोजत होते.

पण हे असे का झाले? गाड्या वाढत जाणे ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. मोटारीच्या धंद्यात एकच नाव ठेवून काही वर्षांनी संपूर्ण नवी गाडी आणतात, तिला त्या गाडीची 'पिढी' म्हणतात. पिढ्या मोजायला सर्वांत सोयीची गाडी म्हणजे जर्मनीची पोर्श ९११ ही स्पोर्ट्स कार, कारण तिचे नाव आणि साधारण रूप साठ वर्षे बदललेले नाही. पहिली ९११ साधारण ४.१६ मीटर लांब, १.६१ मीटर रुंद आणि १०८० किलो वजनाची होती. २०१८ साली दाखवलेली पिढी ४.५२ मीटर लांब, १.८५ मीटर रुंद आणि १५०० किलोच्या घरातली. लांबी आणि रुंदीचा गुणाकार करा. जमिनीवर व्यापलेली जागा ६.७ चौरस मीटरवरून जवळजवळ ८.४ वर गेली, म्हणजे पंचवीस टक्के वाढ. वजन मात्र सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढले. उंची जवळपास होती तेवढीच. तेव्हा हे वाढलेले वजन नुसत्या आकारातून आलेले नाही, गाडीच्या आत काहीतरी जास्त भरले गेले आहे. वर्गात हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा. 'आकार दुप्पट तर वजन आठपट' हा घनाचा नियम त्यांना पाठ असतो, तो इथे लागू का पडत नाही याची चर्चा चांगली रंगते.

(स्पोर्ट्स कार आपल्या बाजूलाही बनली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनी छोटी गाडी निघाली होती. तिची दुसरी पिढी आलीच नाही, त्यामुळे ती आमच्या अभ्यासात बसत नाही. एरवी कोकणच्या रस्त्यांना शोभेल अशी होती.)

वाढीचे पहिले मोठे कारण सुरक्षितता. जुन्या काळी मजबूत गाडी म्हणजे अजिबात न चेपणारी गाडी, असा समज होता. मर्सिडीज कंपनीतले अभियंता बेला बारेनी यांनी तो उलटा केला. माणसे बसतात तो मधला भाग कणखर ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपू द्यायचा, ही त्यांची कल्पना. १९५९ मध्ये ती मर्सिडीजच्या गाडीत प्रत्यक्षात आली. यामागे शाळेतलेच सूत्र आहे. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. या वेगाची गाडी भिंतीवर आदळून अर्ध्या मीटरच्या चेपण्यात थांबली, तर वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, म्हणजे २२५ भागिले १, इतके मंदन होते. गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २३ पट. चेपायला पाव मीटरच जागा असेल तर ते ४६ पट होईल. म्हणजे नाकाच्या लांबीतला पाव मीटर हा बसलेल्या माणसाच्या बरगड्यांचा प्रश्न आहे.

समोरून धडक बसली तर चेपायला निदान नाक तरी असते. बाजूने बसली तर काय? पद्मिनीचे दार म्हणजे पत्रा, काच आणि काच वर-खाली करायची यंत्रणा. बसलेल्याचा खांदा आणि बाहेरचा ट्रक यांत एक वीतभरही अंतर नाही. दाराच्या आत आडवी पोलादी पट्टी घालायची, खालचा उंबरा जाड करायचा आणि माणसाला दारापासून थोडे दूर बसवायचे, तर गाडी रुंदच करावी लागते. आपल्याकडे समोरच्या आणि बाजूच्या धडकेच्या चाचण्या ऑक्टोबर २०१७ पासून नव्या गाड्यांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व गाड्यांना बंधनकारक झाल्या. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन ठरली. तिची रुंदी निव्वळ मिरवायची नाही, हे आजोबांनाही मान्य करावे लागेल.

दुसरे कारण धंद्याचे आहे. ज्याने पंचविशीत छोटी गाडी घेतली, तो पस्तिशीत दोन मुले आणि सामान घेऊन त्याच दुकानात परत येतो. त्याला नाव ओळखीचे हवे असते आणि जागा जास्त. कंपनी गाडी थोडी फुगवते. खाली जी जागा रिकामी होते ती भरायला नव्या नावाची छोटी गाडी आणते, आणि काही वर्षांनी तीही फुगते. फोक्सवॅगनची १९७४ ची पहिली गोल्फ ३.७० मीटर लांब होती. तिची धाकटी बहीण पोलो १९७५ मध्ये आली, लांबी सुमारे साडेतीन मीटर. पुढे आपल्या चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीपासून जी पोलो बनू लागली, ती ३.९७ मीटरची होती. धाकटी बहीण थोरलीच्या मूळ मापाला मागे टाकून गेली!

तिसरे कारण म्हणजे वजनाचे चक्र. गाडी जड झाली की इंजीन मोठे लागते, इंजीन मोठे झाले की ब्रेक, चाके, टाकी मोठी लागते, आणि त्यांनी गाडी आणखी जड होते. हे चक्र तोडता येत नाही असे नाही. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार १९८९ मध्ये ३.९७ मीटर लांब होती आणि २०१५ मध्ये आलेली तिची चौथी पिढी ३.९२ मीटरच्या आत भरली. पण त्यासाठी एकेक ग्रॅमवर लक्ष ठेवणारा हट्टी अभियंत्यांचा गट लागतो.

अशा हट्टाची याहून जुनी गोष्ट जीपची आहे, आणि ती थेट मुंबईपर्यंत येते. १९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या गाडीसाठी मागणी काढली, तेव्हा वजनाची मर्यादा १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो घातली होती. ते कोणालाच जमेना. मर्यादा २१६० पौंडांवर न्यावी लागली. विलीज कंपनीची गाडी तिथेही जेमतेम बसली, रंगाचा आणखी एक हात दिला असता तर ती नापास झाली असती असे सांगतात. म्हणजे जीप जन्माआधीच वाढू लागली होती. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या जीपची जोडणी सुरू केली आणि हळूहळू जीप पूर्णपणे आपली झाली. कोकणात तर ती डॉक्टरची, जंगल खात्याची, निवडणुकीच्या प्रचाराची आणि बाराजणांना कोंबून बाजाराला नेणारी अशी सर्वांचीच होती.

विलीज जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमध्ये ८० इंचांचे, म्हणजे २.०३ मीटरचे अंतर होते. तिच्याच घराण्यातली म्हणता येईल अशी महिंद्रची थार २०१० मध्ये आली, तिच्यात हे अंतर २.४३ मीटर. २०२० च्या थारमध्ये २.४५. आणि २०२४ च्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये २.८५ मीटर. मूळ जीपपेक्षा हे ऐंशी सेंटिमीटरहून जास्त आहे. अंगणात दोन दांडकी आणि दोरी घेऊन मुलांना दाखवावे, की स्टिअरिंग तेवढेच वळवले तर आसांमधले अंतर जितके जास्त, तितके वळण मोठे होते, आणि वळताना आतले मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागावरून न जाता आणखी आत घसरते. अरुंद आळीतून काटकोनात फाटकात शिरताना गाडीची कूस नेमकी इथेच खांबाला घासते. पद्मिनीत हे अंतर २.३४ मीटर होते, नेक्सॉनमध्ये ते सुमारे २.५० आहे.

आता राहिला काकांचा कागद. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. छोटी गाडी म्हणजे कोणती? जिची लांबी ४ मीटरपेक्षा जास्त नाही आणि इंजीन पेट्रोलचे असेल तर १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० पर्यंत. परिणाम मोठा गमतीचा झाला. पुण्याच्या टाटा कंपनीने ४.१५ मीटरची इंडिगो मागून कापून २००८ मध्ये ३.९९ मीटरच्या आत आणली. तीन दारांची थार ३.९८५ मीटर आहे, तेही योगायोगाने नाही. वस्तू व सेवा कर आल्यावरही ही रेघ टिकली. सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के आणि बाहेरच्यांना ४० टक्के कर लागू झाला.

पण रेघ लांबीवर आखली, रुंदीवर नाही. मग जी वाढ जगभर चारी बाजूंनी होत होती, ती आपल्याकडे आडवी आणि वर झाली. जपानने आपल्या 'केई' गाड्यांना लांबी आणि रुंदी दोन्हींची मर्यादा घातली आहे. १९९८ पासून ती ३.४० आणि १.४८ मीटर आहे. (तीही दर काही वर्षांनी वाढवावी लागली, १९७६ मध्ये ती ३.२० आणि १.४० होती.) आपली मारुती ८०० मुळात त्याच घराण्यातली.

हे ३४ सेंटिमीटर आमच्या इथे कुठे जाणवतात? प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता बहुधा ३.७५ मीटर रुंद असतो. दोन पद्मिनी समोरासमोर आल्या तर २.९२ मीटर व्यापतात, ८३ सेंटिमीटर उरतात. दोन नेक्सॉन ३.६१ मीटर व्यापतात, १४ सेंटिमीटर उरतात, आणि छापील रुंदीत आरसे धरलेले नसतात! घाटावर अशा वेळी एक चाक साइडपट्टीवर उतरवता येते. आमच्याकडे डांबर संपले की गटार आणि गटाराला लागून जांभ्याचा गडगा. दोघांपैकी एकाला मागे जावे लागते. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीवर गाड्या दाटीने लावताना पाहिले की हाच हिशेब आठवतो. समजा डेक ९ मीटर रुंद आहे आणि दर दोन गाड्यांमध्ये व दोन्ही कडांना अर्धा मीटर सोडायचा आहे. एका ओळीत पद्मिनी चार बसतील, नेक्सॉन तीनच.

आणि त्या १४ सेंटिमीटरमध्ये शाळेला चालत येणारी मुलेही असतात. गाडीच्या आतल्या माणसासाठी जे काही केले गेले, त्याचा बाहेरच्याला उपयोग नाही, कित्येकदा उलटेच होते. बुटक्या नाकाची गाडी पादचाऱ्याच्या पायांना धडकते, उंच आणि उभ्या नाकाची छातीला. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉनेटची उंची ४० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एक मीटरपेक्षा जास्त असलेल्या गाड्या, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत, पादचाऱ्यांना सुमारे ४५ टक्के अधिक प्राणघातक ठरल्याचे आढळले. एक मीटर म्हणजे आमच्या चौथीतल्या मुलाची छाती. पाच तारे देणाऱ्या पट्टीत आमच्या पाखाडीवरून उतरून रस्त्यावर येणारे पोर नीट मोजले जात नाही, ही आमची तक्रार आहे.

मुलाने आणलेल्या मापाकडे परत येऊ. २.१० मीटरच्या फाटकातून १.८० मीटरची गाडी सरळ जाऊ शकते. आळी मात्र इतकी अरुंद, की गाडीला सरळ होऊन समोर यायलाच जागा नाही. आळी रुंद करायची तर समोरचा गडगा हातभर मागे सरकवावा लागेल. गडगा शेजाऱ्यांचा. कोकणात हातभर गडगा म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. आजोबांनी शेजाऱ्यांकडे विषय काढलाच नाही. त्या मुलाने आता आळीतल्या सगळ्या फाटकांची रुंदी मोजून वहीत उतरवायला घेतली आहे. सर्वांत जुने फाटक बैलगाडीच्या मापाचे निघाले, आणि काकांची गाडी पुढच्या गणपतीलाही देवळापाशीच राहणार आहे.