उसना राप

गेल्या जानेवारीतल्या एका सकाळी आईने भाच्याच्या खोलीतली चादर अंगणात आणून माझ्यासमोर धरली. पांढऱ्या चादरीवर माणसाच्या आकाराचा तपकिरी डाग होता. खांदा कुठे, कोपर कुठे, सगळे ओळखू येत होते. भाचा आदल्या रात्री शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर उभा राहून आला होता. न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा त्याची मान आणि काखा लालबुंद झाल्या होत्या. "मामा, काथ्यानं घासलं, कपड्याचा साबण लावला. रंग निघंना अन् आग लई होतीय." आई एवढेच म्हणाली, "हळद कधी घासून काढत्यात का रे?"

हा लेख त्या प्रश्नातून सुरू झाला.

आधी शब्दाचे पाहू. उन्हाने कातडीचा रंग गडद होतो त्याला मराठीत 'रापणे' म्हणतात. 'राप' म्हणजे चढलेला थर. चुलीवरच्या आढ्याला धुराचा राप चढतो, तसा शेतात राबणाऱ्याच्या मानेला उन्हाचा. मंचावर उभे राहण्यासाठी बाटलीतून अंगावर घेतात तो उसना राप. उन्हाचा राप त्वचेच्या आतल्या जिवंत थरांत तयार होणाऱ्या रंगद्रव्याने येतो. उसना राप खरोखरच वरचा थर आहे, हे पुढे येईलच. भाषेने अजाणता रसायनशास्त्र बरोबर सांगून ठेवले आहे.

आमचे सुपे पारनेर तालुक्यातले, नगर-पुणे रस्त्यावरचे. (शहाजीराजांच्या पुणे-सुप्याच्या जहागिरीतले सुपे बारामतीकडचे. पाहुण्यांना हे दर वेळी सांगावे लागते.) या भागात जत्रेला हगामा भरतो. लाल मातीत कुस्त्या होतात, नारळापासून सुरू होऊन रोख इनामापर्यंत जातात. औद्योगिक वसाहत आली, पाळीत काम करणारी तरुण मुले आली आणि तालमीच्या शेजारी व्यायामशाळा आल्या. तालमीत शरीर कमवायचे ते लढायला. व्यायामशाळेत कमवायचे ते बऱ्याचदा दाखवायला. आणि दाखवायचे म्हटले की रंगाचा प्रश्न येतो.

या प्रश्नाचे पहिले उत्तर आजच्या अगदी उलट होते. युजेन सँडो हा आधुनिक शरीरप्रदर्शनाचा मूळ पुरुष मानला जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. अंग संगमरवरी पुतळ्यासारखे दिसावे म्हणून तो त्यावर पांढरी पूड लावत असे. त्याच्यापुढे आदर्श ग्रीक पुतळ्यांचा होता. आज त्याच मंचावर गोरा माणूस तपकिरी होऊन येतो आणि मुळात सावळा असलेला आमचा भाचासुद्धा आणखी तीन छटा गडद होऊन येतो. कारण दिव्यांचे आहे. प्रखर प्रकाशात उजळ कातडीवर स्नायूंच्या खाचा पुसट होतात, गडद कातडीवर सावल्या ठसठशीत उठतात. हौशी स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर पुसल्यावर निघेल असा रंग चालत नाही. म्हणजे रंग धरणारा हवा. भाच्याच्या मानेचे दुखणे इथून सुरू होते.

तालमीतला पैलवानही रंगलेलाच असे, पण मातीने. आखाड्याच्या लाल मातीत तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर मिसळण्याची रीत कोल्हापूरपासून नगरपर्यंत चालत आली आहे. माती अंगाला लागे ती तेलासकट. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड काढले, त्यांत मालिशीला मान आहे. त्याहून कितीतरी मागे वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येच्या अध्यायात क्रमच लावलेला आहे. आधी अभ्यंग, मग व्यायाम, त्यानंतर उटणे आणि शेवटी स्नान. तेल पहिले, पाणी शेवटी. नरकचतुर्दशीला पहाटे आपण जे करतो ते याच क्रमाने. मला यात गूढ काही वाटत नाही. उटणे कोरड्या अंगाला घासले तर ओरखडे येतात, आणि दिवाळीच्या दिवसांत नगरच्या पठारावर अंग आधीच फुटू लागलेले असते.

बाटलीतला राप मात्र दुसऱ्या घरचा आहे. युरोपात शतकानुशतके रापलेली कातडी शेतमजुराची खूण होती. मजूर कारखान्यांत शिरले आणि फिके पडले, श्रीमंत सुट्टीला समुद्रकाठी जाऊ लागले, तसा १९२० च्या दशकात हिशेब फिरला. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळवले गेले आणि पायमोजे मिळेनात, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या बायकांनी पायांना चक्क तपकिरी रंग लावला. पण तो पावसात ओघळे. न ओघळणारा रंग सापडला एका आजाराच्या अभ्यासात. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे इव्हा विट्गेनस्टाइन या संशोधिका एका जन्मजात चयापचय विकाराच्या मुलांना डायहायड्रॉक्सीॲसिटोन नावाची साखर तोंडाने देत होत्या. औषध कधी कातडीवर सांडे. काही तासांनी तिथे तपकिरी डाग पडत, कपड्यांवर मात्र पडत नसत. १९६० मध्ये 'कॉपरटोन' कंपनीने झटपट रापवणारे लोशन बाजारात आणले. आजही बहुतेक बाटल्यांत तीच साखर असते. चादर रंगते ती बऱ्याचदा त्यात लगेच दिसावा म्हणून घातलेल्या वेगळ्या रंगाने.

ही साखर तीन कार्बनची, अगदी लहान. कातडीच्या सर्वांत वरच्या मृत पेशींतल्या अमिनो आम्लांशी तिचा संयोग होतो आणि तपकिरी द्रव्य तयार होते. या जातीची अभिक्रिया १९१२ मध्ये लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णिली. आपल्या तव्यावर ती रोज घडते. भाकरीवर पडणारे खरपूस डाग हे तिचेच काम. आणखी एक नाते मला गमतीचे वाटते. ही साखर कारखान्यात ग्लिसरीनपासून जिवाणूंकडून करवून घेतात. थंडीत ओठ-टाचा फुटल्या की आपल्या घरात गुलाबपाण्यात मिसळून लावतात तेच ग्लिसरीन. रंग आणि रंगानंतरची निगा एकाच घरातून निघालेली.

ही अभिक्रिया फक्त मृत थरात होते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. तो थर झडला की रंग गेला. साधारण पाच ते सात दिवसांत तो फिकटतो. कोपर, गुडघा, घोटा इथे मृत थर जाड आणि कोरडा असतो, म्हणून तिथे रंग जास्त चढतो. तिथे आधी थोडे मलम लावायचे. रंग लावल्यावर सहा-आठ तास पाणी नको, घाम नको, वर तेलही नको, कारण रंग अजून धरत असतो. त्यानंतर कोमट पाणी, टॉवेलने घासायचे नाही, टिपायचे, आणि रोज दोन वेळा साधे, सुगंध नसलेले लोशन. कोरडी कातडी कोंड्यासारखी तुकड्या-तुकड्याने सुटते आणि रंगही तसाच सुटतो. माणूस कोड फुटल्यासारखा दिसू लागतो. ओलसर कातडी सारखी झडते. काढायचाच असेल तर तेल चोळून अर्धा तास मुरू द्यायचे, मग सौम्य साबण. उरलेला दोन-चार दिवसांत आपोआप जातो. भाच्याने काथ्याने मृत थराबरोबर जिवंत कातडीही सोलली होती. आणि हा राप उन्हापासून राखत नाही, हेही बाटली विकणाऱ्याने त्याला सांगितले नव्हते. फवारा मारताना नाक-तोंड-डोळे झाकायचे हे तर मंचामागे कोणी पाळताना मी पाहिले नाही.

आईच्या प्रश्नाकडे येतो. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते, आणि उन्हात विटते. हळदीचा डाग लागलेले पातळ बायका धुऊन उन्हात टाकतात ते त्यामुळेच. नवरदेवाची हळद तेल आणि बेसन लावून उतरवतात, त्यामागे पिढ्यांचा हाच अनुभव आहे. हळदीच्या अंगाने वेशीबाहेर जाऊ नये म्हणतात. भुताखेताचे राहू द्या, तेवढे दोन दिवस त्या अंगाला ऊन-धूळ लागत नाही. नागपंचमीच्या मेंदीचेही तसेच. तिचे रंगद्रव्य याच मृत थराला चिकटते. पाला खरवडून काढायचा, लगेच पाणी लावायचे नाही, तेलाचा हात फिरवायचा. तमाशाच्या कनातीतही तोंडावरचा सफेदा आणि लाली खोबरेल तेलाने उतरवतात, पाणी नंतर. प्रत्येक रंगाबरोबर तो उतरवायची रीत आलेली होती, आणि ती सांगणारे माणूस घरात होते. बाटलीबरोबर रंग आला, माणूस आले नाही.

यात एक बोचणारी गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाता येत नाही. ज्या घरात भाचा गडद होण्यासाठी पैसे मोजतो, त्याच घरात त्याची बहीण गोरी होण्यासाठी मोजते. मुंबईत पाटणवाला यांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' काढली, १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली, २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' गेला. ट्यूब तीच आहे. २०१९ ते २०२३ या काळात दूरचित्रवाणीवर 'रंग माझा वेगळा' ही मालिका घरोघर पाहिली गेली. सावळ्या मुलीच्या अवहेलनेची ती गोष्ट, आणि त्या मुलीचे काम रेश्मा शिंदे यांनी रोज रंग लावून केले. आमच्याकडे कांदा काढायला येणाऱ्या बायकांचा राप उसना नाही. तो पदराने झाकायचा असतो, आणि मंचावरच्या उसन्या रापाला पदक मिळते. सँडोची पांढरी पूड आणि आजचा तपकिरी रंग, दोन्हींत कातडी कोणाची आणि पाहणारा कोण, हा हिशेब मला सारखाच दिसतो.

भाच्याची मान बरी व्हायला आठवडा गेला. आईने खोबरेल तेलाशिवाय दुसरे काही लावू दिले नाही. कातडीच्या डॉक्टरांनीही साधे मलमच दिले आणि काथ्या फेकायला सांगितले. पुढच्या स्पर्धेला तो निघाला तेव्हा बॅगेत प्रथिनांच्या डब्याशेजारी तेलाची बाटली होती, मऊ धोतराचा तुकडा होता आणि सर्वांत खाली एक जुनी चादर. तिच्यावर आधीच पिवळे डाग होते. माझ्या लग्नातल्या हळदीची ती चादर आईने एवढी वर्षे का ठेवली होती, मी विचारले नाही.