डिस्कस मासा, रिओ नेग्रो आणि आपला खारपाणपट्टा

थ्रेड : वरवट बकालसारख्या गावात, घरातल्या काचेच्या टाकीत, डिस्कस मासा पाळता येईल काय? आणि पाळलाच, तर त्याची वीण होईल काय? प्रश्न मत्स्यशौकिनांचा वाटतो खरा. पण उत्तर शोधू लागलो की आपण दोन नद्यांच्या इतिहासात जाऊन पोहोचतो. एक ब्राझीलमधील रिओ नेग्रो, दुसरी आपली पूर्णा.

आरंभ एका राजविवाहापासून. १८१७ मध्ये ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्दिना हिचा विवाह पोर्तुगालचा राजपुत्र पेद्रो याच्याशी झाला आणि ती ब्राझीलला निघाली. त्या निमित्ताने निसर्गशास्त्रज्ञांचे एक पथकही रवाना झाले. त्यातील योहान नाटरर हा गृहस्थ इतरांसारखा लवकर परतलाच नाही. १८३५ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, तो तेथील नद्या आणि अरण्ये पालथी घालीत राहिला. त्याने व्हिएन्नाला धाडलेल्या नमुन्यांतील एका चपट्या, वाटोळ्या माशाचे वर्णन योहान याकोब हेकेल याने १८४० मध्ये प्रसिद्ध केले आणि नाव ठेवले ‘सिम्फिसोडॉन डिस्कस’. आपल्या शाळेच्या मैदानावर थाळीफेकीत जी थाळी फेकतात, तीच ही ‘डिस्कस’.

हा मासा रिओ नेग्रोचा. त्या नदीचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. कुजलेल्या पानांचा अर्क त्यात उतरलेला असतो. पाणलोटातील जमीन वाळूची आणि युगानुयुगे धुतली गेलेली. त्यामुळे पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत. ते मृदू, आम्लधर्मी आणि उबदार असते. डिस्कसचा सारा स्वभाव या पाण्याने घडविला आहे, हे ध्यानात ठेवावे.

वर्णन झाल्यानंतर सुमारे नव्वद वर्षे हा मासा संग्रहालयातील बरणीतच राहिला. १९३० च्या दशकात तो हौशी लोकांच्या टाक्यांत आला आणि त्यांची परीक्षा सुरू झाली. जोडी जमे, उभ्या पानावर वा दगडावर अंडी घाली, पिले बाहेर येत आणि थोड्याच दिवसांत मरून जात. त्या काळी एंजल माशाच्या बाबतीत अंडी आईबापांपासून वेगळी काढण्याची रीत होती, कारण आईबाप ती खाऊन टाकीत. तीच युक्ती डिस्कसला लावली की सर्वनाश ठरलेला!

कारण विलक्षण होते. डिस्कसची पिले पोहू लागली की आईबापांच्या कुशीला चिकटतात आणि त्यांच्या अंगावरील श्लेष्मल स्राव खातात. आई आणि बाप दोघेही पिलांना ‘पाजतात’. एक थकला की अंगाला झटका देऊन पिलांचा घोळका दुसऱ्याकडे सोपवितो. १९५९ मध्ये हिल्डेमान या अमेरिकन शास्त्रज्ञाने या संगोपनाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे २०१० मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या संशोधकांनी दाखविले की वीण झाल्यावर या स्रावातील प्रथिने आणि प्रतिपिंडे वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईबाप पिलांना टाळू लागतात. सस्तन प्राण्यांत दूध तोडतात, तसाच हा प्रकार. माझ्या मते डिस्कसच्या इतिहासातील खरा कलाटणीचा क्षण हाच आहे. १९९० च्या दशकारंभी थायलंडमध्ये निपजलेला ‘पिजन ब्लड’ आणि बाजारातील इतर झगमगते वाण ही नंतरची सजावट.

आता पूर्णाकाठी येऊ. संग्रामपूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. सातपुड्याच्या दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर साचले आहेत आणि त्या गाळातच क्षार मुरलेले आहेत. ही काही आजची तक्रार नव्हे. १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय भूशास्त्राच्या सरकारी ग्रंथात दहिहांड्यापासून अमरावतीच्या दिशेने, पूर्णेच्या दोन्ही तीरांवर, मिठासाठी खारे पाणी उपसणाऱ्या विहिरींची नोंद आहे. आज जे पाणी शाप वाटते, ते एके काळी कुणाच्या तरी उपजीविकेचे साधन होते! पिणाऱ्यांची कथा मात्र वेगळी. या पट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे, आणि म्हणूनच वान धरणाचे गोड पाणी नळाने आणणारी १४० गाव योजना इथे इतकी जिव्हाळ्याची.

म्हणजे वरवट बकालची विहीर आणि रिओ नेग्रो ही पाण्याची जवळपास दोन टोके. क्षारयुक्त पाण्यात डिस्कसची अंडी नीट फळत नाहीत. यावर शहरी सल्ला ठरलेला : आरओ बसवा. हिशेब करून पाहा. २०० लिटरच्या टाकीतले चौथा हिस्सा पाणी रोज बदलायचे, तर ५० लिटर शुद्ध पाणी लागते. यंत्र प्रत्येक लिटरमागे दोन लिटर बाहेर टाकत असेल, तर रोज १०० लिटर पाणी मोरीत जाते. जिथे पिण्याच्या पाण्याचे जार विकत घ्यावे लागतात, तिथे हा छंद शेजाऱ्याच्या डोळ्यांत सलणारच, आणि सलणे रास्तही आहे.

तरीही वाट आहे. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले आजचे डिस्कस बेताच्या जड पाण्यातही सुखाने जगतात. मृदू पाणी लागते ते मुख्यतः विणीला. आणि आकाशातून पडणारे पाणी रिओ नेग्रोइतकेच क्षारहीन असते. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन निघू द्यावे, मग पन्हाळीखाली पिंप लावावे. हे पाणी निव्वळ वापरू नये, थोडे नळाचे पाणी मिसळावे. अन्यथा त्याची आम्लता एकाएकी वाढते. टाकीत मातीचे उभे भांडे ठेवावे, पाणी २८ ते ३० अंशांवर राखावे. जून ते सप्टेंबर जोडीला विणीसाठी द्यावेत. उरलेले आठ महिने ती नळाच्या पाण्यावर राहील.