पाइनवुड डर्बी

पाइनवुड डर्बी : पाइनच्या लाकडी ठोकळ्यातून मुलांनी घडवलेल्या छोट्या मोटारींची उतारावरील शर्यत. अमेरिकेतील स्काउट चळवळीच्या ‘कब स्काउट’ या बालशाखेचा हा जुना व नावाजलेला उपक्रम आहे. या मोटारीला इंजिन नसते, चावी द्यायची नसते आणि हाताने ढकलायचेही नसते. ती पळते केवळ गुरुत्वाकर्षणाने. शर्यत काही सेकंदांत संपते, पण तिचा निकाल बराचसा आधीच, घरी ठोकळा कोरताना आणि खिळा घासताना ठरलेला असतो.

इतिहास : कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथील कब स्काउट पथकाचे प्रमुख डॉन मर्फी हे या शर्यतीचे जनक. मुले स्वतः बनवलेल्या गाडीत बसून उतारावरून जातात ती ‘सोप बॉक्स डर्बी’ अमेरिकेत १९३० च्या दशकापासून प्रसिद्ध होती. मात्र तीत भाग घेण्याइतके मर्फींच्या मुलाचे वय नव्हते. लहान मुलांनाही बनवता येईल आणि बनवताना वडील-मुलगा शेजारी बसतील, अशी छोटी मोटार त्यांनी योजली. पाइनचा ठोकळा, चाके आणि आसांसाठी खिळे एवढेच सामान त्यांनी मुलांच्या हाती दिले. पहिली शर्यत १५ मे १९५३ रोजी झाली. मर्फी ज्या विमान कंपनीत नोकरीला होते, तिथल्या व्यवस्थापक मंडळाने खर्चाला हातभार लावला. ऑक्टोबर १९५४ मध्ये ‘बॉइज लाइफ’ या स्काउट मासिकाने मोटार व मार्ग यांचे आराखडे छापले आणि शर्यत देशभर पसरली. २०१८ पासून कब स्काउट शाखेत मुलींनाही प्रवेश मिळाला. कॅनडातील स्काउट ‘कब कार’ नावाने अशीच शर्यत भरवतात.

नियम : ठोकळा ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद व सव्वा इंच जाड असतो. त्यासोबत प्लॅस्टिकची चार चाके आणि चार खिळे मिळतात. तयार मोटारीचे वजन ५ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. बारीकसारीक नियम पथकागणिक बदलतात. पारंपरिक मार्ग सुमारे ३२ फूट लांब असून त्याचा आरंभ ४ फूट उंचावर असतो. प्रत्येक मोटारीच्या वाटेत मधोमध एक उंच पट्टी असते; मोटार ती पोटाखाली घेऊन धावते. पट्टी आणि दोन्हीकडची चाके यांत मिळून जेमतेम ३ मिमी मोकळीक उरते.

वेगामागील तत्त्व : आरंभरेषेवर मोटारीत साठलेली स्थितिज ऊर्जा हेच तिचे सारे इंधन. घर्षण, हवेचा विरोध आणि चाके फिरवण्यात जाणारी ऊर्जा सोडून दिली, तर ४ फूट खाली आलेल्या मोटारीचा वेग ताशी सुमारे साडेसतरा किमी. भरतो. यापेक्षा जास्त वेग मिळत नाही. म्हणून मोटार बनवणाऱ्याचे खरे काम ऊर्जेची गळती थांबवण्याचे. वजन मर्यादेपर्यंत नेण्याचे कारणही हेच. आसांवरचे घर्षण वजनाबरोबर वाढते, पण हवेचा विरोध वाढत नाही. शिवाय जड मोटारीत चाकांच्या फिरण्यावर खर्च होणारा ऊर्जेचा वाटा कमी असतो.

गुरुत्वमध्य मागे ठेवणे ही दुसरी युक्ती. मोटार उताराला तोंड करून उभी असल्याने तिचा मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच असतो. ३० अंशांच्या उतारावर गुरुत्वमध्य २ सेंमी. मागे सरकला, की तो १ सेंमी. वर जातो; तेवढी जास्त घसरण मोटारीला मिळते. तो साधारणपणे मागच्या आसापुढे इंचभर अंतरावर ठेवतात. त्याहून मागे नेल्यास पुढची चाके हलकी पडून मोटार डगमगते.

बांधणी : ठोकळ्यावर आराखडा काढून तो करवतीने कापतात आणि पॉलिश कागदाने घासतात. कोरून हलक्या झालेल्या लाकडात मागच्या बाजूला भोके पाडून वजन भरतात. शिसे स्वस्त आहे, पण विषारी. मुलांच्या हाती टंगस्टन बरे. त्याची घनता शिशाच्या सुमारे १.७ पट असल्याने ते कमी जागेत मावते.

सर्वाधिक लक्ष खिळ्यांकडे द्यावे लागते. नव्या खिळ्याच्या डोक्याखाली साच्याच्या बारीक कडा उठलेल्या असतात. नखाने चाचपले तरी त्या लागतात. दर फेऱ्याला चाक त्यांवर घासते. खिळा ड्रिल मशीनमध्ये फिरवत आधी बारीक कानशीने, मग क्रमाने अधिकाधिक मऊ पॉलिश कागदाने आरशासारखा चकचकीत करतात. यंत्र मोठ्यांनी सांभाळावे, कागद मुलाने धरावा; डोळ्यांना चष्मा दोघांनीही लावावा. वंगण म्हणून ग्राफाइटची कोरडी पूड वापरतात.

शेवटी आस एका रेषेत आहेत का ते पाहतात. सपाट फळीवर सोडलेली मोटार सरळ जायला हवी. ती सारखी वळली, तर मधल्या पट्टीवर आपटत जाते आणि प्रत्येक धक्क्याला वेग गमावते. काही जण पुढचे एक चाक किंचित उचलून ठेवतात, म्हणजे तीनच चाके टेकतात. काही पथकांत याला मनाई आहे.

महत्त्व : ठोकळा, चाके आणि खिळे सर्वांना सारखेच मिळतात, फरक पडतो तो हाताच्या कामाने. घर्षण, ऊर्जा व गुरुत्वमध्य हे शब्द पाठ्यपुस्तकात येण्याआधीच मुलाच्या बोटांना कळतात. वडिलांनी किंवा आईने एकहाती घडवलेली मोटार कदाचित पहिली येईल, पण तिने या शर्यतीचा हेतूच हरवतो. ओबडधोबड का होईना, मुलाने स्वतः घासलेली मोटार हीच खरी पाइनवुड डर्बीची मोटार होय.