पुण्याने जिंकलेली विसरलेली फायनल

अमेरिकन फुटबॉलची भारतातली पहिली व्यावसायिक लीग पुण्याच्या टीमने जिंकली होती, माहितीये? 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया', साल २०१२. फायनलमध्ये 'पुणे मराठाज'ने 'दिल्ली डिफेंडर्स'ला ६-० हरवलं. पण सामने झाले कोलंबोत! तिथे शूट करून ते नंतर टीव्हीवर दाखवले.

तसं अमेरिकेतही १९३२ ची निर्णायक मॅच बर्फामुळे शिकागोच्या बंदिस्त स्टेडियममध्ये, जेमतेम ८० यार्डांच्या मैदानावर झाली होती. शिकागो बेअर्सने पोर्ट्समाउथ स्पार्टन्सला ९-० हरवलं. पण बघायला ११ हजारांवर लोक हजर! पुढच्या वर्षापासून तिथे दरवर्षी फायनल होऊ लागली.

आपल्या लीगमागे कर्ट वॉर्नरसारखे स्टार होते, कॅमेरे होते. गॅलरीत पुणेकर तेवढे नव्हते. मग ती ट्रॉफी लक्षात ठेवणार कोण?