ठाणे जिल्ह्याचा जुना नकाशा आणि चेंबूरचे गोल्फ मैदान

१/ चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबची पूर्वपीठिका ठाण्याच्या नकाशात सापडते. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत चेंबूर ठाणे जिल्ह्यातच मोडत असे.

२/ मुंबईतील पहिला गोल्फ क्लब १८४२ चा. तो साहेबांचा खेळ होता. भारतीय आणि युरोपीय या दोघांनाही सभासदत्व देणारा विलिंग्डन क्लब स्थापन होण्यास १९१८ साल उजाडले.

३/ कुर्ला-चेंबूर लोहमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला, तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. १९२४ मध्ये त्यावरून प्रवासी गाड्या धावू लागल्या आणि १९२७ मध्ये हा क्लब स्थापन झाला. ज्या दिशेला शहर आपला केर धाडत होते, तिकडेच दोन दशकांत त्याचे क्रीडांगण आले.

४/ फाळणीनंतर चेंबूरमध्ये निर्वासितांची छावणी वसली, पुढे दाट वस्ती वाढली. १८ होलचे मैदान मात्र टिकले. मैदानामुळे येथे इमारती उभ्या राहिल्या नाहीत, हे खरे. त्या मोकळ्या हिरवळीचे सुख मोजक्यांपुरतेच राहिले, हेही तितकेच खरे.